गोल टाकीतली घरं: व्हिएन्नाचे गॅसोमीटर

गॅसोमीटर म्हणजे गॅस साठवायची मोठी टाकी. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहरात अशा चार जुन्या टाक्यांत आता घरं आहेत. 60 मीटर व्यासाच्या टाकीत घरं बांधली तर मधल्यांना उजेड कुठून मिळतो, आणि चारही टाक्या आतून वेगवेगळ्या का, असा प्रश्न पडतो.

आधी एक गैरसमज काढू. बाहेरून दिसणारा विटांचा गोल म्हणजे टाकी नव्हे, ते टाकीचं कवच. 1896 ते 1899 मध्ये झिमरिंग भागात अशी चार कवचं उभी राहिली. प्रत्येकाच्या आत 90,000 घनमीटर कोळशाचा गॅस मावेल अशी लोखंडी टाकी होती: पाण्याच्या हौदात उलटी घातलेली घंटा, दुर्बिणीच्या नळ्यांसारखी टप्प्याटप्प्याने वर सरकणारी. गॅस भरला की घंटा वर, वापरला की खाली. तिच्या वजनानेच नळांत दाब राहायचा आणि सांध्यांतलं पाणी गॅस अडवायचं. हे पाणी थंडीत गोठू नये, वाऱ्याने घंटा तिरकी होऊन अडकू नये, म्हणून बाहेर भिंत.

म्हणजे भिंतीवर टाकीचा भार नव्हताच. 1984 मध्ये टाक्या बंद झाल्या. पुढे आतलं लोखंड काढलं तरी कवच उभं राहिलं, आणि 1999 ते 2001 मध्ये आत नवी, स्वतःच्या पायांवर उभी इमारत घालता आली. वास्तू संरक्षित, त्यामुळे भिंतीला हव्या तितक्या खिडक्या पाडायची मुभा नव्हती. खरी मारामारी उजेडासाठी होती, आणि चार वास्तुविशारदांनी ती चार तऱ्हांनी सोडवली.

ज्याँ नूव्हेल यांनी ‘ए’ टाकीत कडेने नऊ तुकडे उभे केले. त्यांच्यामधल्या फटींतून जुनी वीट दिसते आणि उजेडही येतो. ‘बी’मध्ये कोप हिमेलब्लाऊ या वास्तुविशारद संस्थेने आत गोल इमारत घेतलीच, शिवाय बाहेर ढालीसारखी वाकलेली दुसरी चिकटवली. तिथल्या घरांचा उजेडाचा प्रश्नच मिटला. मान्फ्रेड वेडॉर्न यांनी ‘सी’त उजेडासाठी मधोमध चौक ठेवला. ‘डी’मध्ये विल्हेल्म होल्ट्सबाउअर यांनी उलटं केलं: मध्ये गाभा, त्यातून तीन बाहू, आणि भिंतीलगत बागा. चौकाकडे तोंड असलेल्या खालच्या घरांना मात्र कुठल्याही गोल टाकीत अंधारच जास्त, आणि चौकातलं बोलणं गोल भिंतींवर आपटून वर ऐकू येतं. घर बघताना मजला आणि तोंड दोन्ही बघा.

बाहेरच्या भिंतीवर भार नाही, हे सगळीकडे खरं नसतं. कोपनहेगनच्या जेमिनी इमारतीत (2005) सोयाबीन साठवायचे दोन काँक्रीटचे सायलो, म्हणजे उंच गोल कोठारं, होती. तिथे भार घेणारी नळी हीच भिंत. तिला खिडक्यांसाठी भोकं पाडली तर ताकद जाते. म्हणून एमव्हीआरडीव्ही या वास्तुविशारद संस्थेने घरं बाहेरून टांगली आणि पोकळीत जिने-लिफ्ट ठेवल्या. कुठल्याही जुन्या कारखान्यातलं घर घेताना पहिला प्रश्न हाच: कुठली भिंत भार घेते? ती समजली की खिडकी फोडता येईल का, हे अर्धं कळतं. दुसरा प्रश्न जमिनीचा. कोळशाचा गॅस जिथे तयार होत असे तिथे डांबर मुरलेलं असू शकतं, मातीचा अहवाल मागा.

आणि फर्निचर. 60 मीटर व्यासाच्या भिंतीला आतून 3 मीटरचं सरळ कपाट लावलं तर मध्ये जेमतेम 4 सेंटिमीटर फट राहते, पण 6 मीटरची सलग रांग लावली की 15. दीड-दीड मीटरचे सुटे भाग केले तर प्रत्येकामागे सेंटिमीटरभरच उरते.