मॅडम, चान्स किती टक्के?

परदेशातल्या विद्यापीठांत प्रवेश घेणाऱ्या मुलांना मी सल्ला देते. त्या दिवशी नमस्कार करून होतो न होतो तोच एका मुलीच्या वडिलांनी लॅपटॉप उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली. आठ विद्यापीठं, सगळी अमेरिकेतली. फी, अर्जाची मुदत, स्वीकृतीचं प्रमाण, प्रत्येक रकान्याला वेगळा रंग. शेवटचा रकाना मात्र कोरा होता.

"तो तुम्ही भरायचा," ते म्हणाले. "हिला पत्रकारितेची पदवी करायची आहे. कुठे किती चान्स आहे, तेवढं सांगा."

मुलगी शेजारी बसून पेनाचं टोपण काढत-लावत होती. शाळेचं शेवटचं वर्ष, गुण उत्तम, सॅट या प्रवेश परीक्षेत १६०० पैकी १४३०, वक्तृत्वाची बक्षिसं, शाळेच्या मासिकाची संपादक. असा संच माझ्याकडे दर वर्षी येतो आणि प्रश्नही तोच असतो. टक्के सांगायचं मी फार पूर्वी सोडलं आहे. एका मुलाला बोलण्याच्या भरात "तुझं नक्की होणार" असं म्हणून बसले होते. निकालाच्या रात्री त्याच्या आईचा फोन आला. ती काही बोलली नाही, नुसती थांबून राहिली. तेव्हापासून नाही.

यादीत सगळ्यात वर होतं कोलंबिया, न्यूयॉर्क.

"हे का?"

"पत्रकारितेतलं मानाचं पुलित्झर पारितोषिक तेच देतात ना!" वडील म्हणाले.

खरं आहे. वर्तमानपत्रांचा मालक जोसेफ पुलित्झर याच्या देणगीतून ती पत्रकारिता शाळा १९१२ साली सुरू झाली, त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी. पारितोषिकं १९१७ पासून. पण त्या शाळेत पदव्युत्तर शिक्षण मिळतं, बारावीनंतर तिथे पत्रकारितेची पदवी करता येत नाही. म्हणजे त्या ओळीतला चान्स शून्य, आणि त्यात मुलीचा काहीच दोष नाही. ही चूक इतक्या घरांत होते की आता मी यादी हातात आली की पहिल्यांदा तेच तपासते: पदवी आहे का, प्रवेश थेट पत्रकारिता शाळेत मिळतो की आधी विद्यापीठात आणि पुढे कधीतरी विभागात, आणि ती दुसरी चाळणी किती कडक आहे.

वडील थोडे ओशाळले. मग म्हणाले, "बरं, पण सगळ्या यादीचं गणित मी केलं होतं. आठ ठिकाणी अर्ज, प्रत्येक ठिकाणी दहा टक्के धरले, तर कुठेच न लागण्याची शक्यता ०.९ चा आठवा घात. ४३ टक्के. म्हणजे कुठेतरी लागण्याची ५७."

गणित अगदी बरोबर होतं. पण ते फाशांचं गणित आहे. फासा प्रत्येक खेपेला नव्याने पडतो. इथे तीच एक फाइल आठ टेबलांवर जाते. त्या फाइलमध्ये भोक असेल तर ते आठही जणांना दिसतं, आणि आठही नकार एकाच कारणाने येतात. शिवाय ते दहा टक्के कोणाचे? सगळ्या विद्यापीठाचे. त्यात अभियांत्रिकीला अर्ज करणारे आले, संगीताचे आले, खेळाडू म्हणून आधीच हेरलेले आले. त्या सरासरीतून एका मुलीबद्दल फार काही कळत नाही.

"मग कशावरून कळतं?" मुलीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

मी तिचा अर्ज वाचायला घेतला. एकच अर्ज अनेक विद्यापीठांना पाठवता येतो त्या कॉमन अ‍ॅपमध्ये उपक्रमांसाठी दहा जागा असतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. पहिल्या जागेत होतं: मुख्य संपादक, शाळेचं मासिक, लेखनाची आवड, नेतृत्व, संघभावना. निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची. तिने लेखणीची ताकद तलवारीपेक्षा कशी मोठी आहे ते ६४८ शब्दांत लिहिलं होतं. वाक्यं सफाईदार होती. पण असा निबंध कुठल्याही शाळेतली कुठलीही हुशार मुलगी लिहू शकते. पत्रकारितेच्या अर्जांत लेखणी आणि तलवार इतक्यांदा भेटतात की त्यांनी एव्हाना तह करायला हवा होता.

मी विचारलं, "गेल्या दोन वर्षांत, ज्याला तू ओळखत नाहीस अशा किती माणसांना स्वतःहून फोन करून काही विचारलंस?"

ती गप्प. टोपण लागलं, निघालं.

"एकदा. लिफ्टवाल्याला."

"ते कशाला आता?" वडील.

"सांगू दे तिला," मी म्हटलं.

तिच्या मैत्रिणीचा पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि वर्ग तिसऱ्या मजल्यावर. शाळेच्या माहितीपत्रकात लिफ्ट आहे असं लिहिलेलं. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा बंद. ऑफिसात विचारलं की उत्तर ठरलेलं, दुरुस्ती चालू आहे. हिने एक वही केली. वही नशिबाने दप्तरातच होती. डावीकडे तारीख, मग वेळ, मग चालू की बंद. रोज दोनदा बघायची, शाळा भरताना आणि मधल्या सुट्टीत. दिवसाला एक, अशा सोळा ओळी होत्या. त्यातली एक आडवी रेघ मारून खोडलेली आणि पुढे बारीक अक्षरात: 'सुट्टी होती. धरायची नाही.' खाली बेरीज: १५ पैकी ४ दिवस चालू.

मग तिने एक दिवस लिफ्टच्या दारातून आत डोकावून, भिंतीवरच्या स्टिकरवरचा नंबर उतरवून घेतला आणि घरून फोन लावला. पलीकडच्या मेकॅनिकने सांगितलं, दुरुस्ती कसली? मशीन ठणठणीत आहे, किल्ली कुलपात असते. पोरं उगाच वरखाली करतात म्हणून.

हे सगळं तिने मासिकासाठी लिहिलं. मासिक सांभाळणाऱ्या बाईंनी लेख बाजूला ठेवला. अंक पालकांच्या हातात जातो, असं कारण दिलं. पण किल्ली कुणीतरी खाली वॉचमनकडे आणून ठेवली, ती तिथेच राहिली.

"आणि हे अर्जात नाही?"

"छापून आलंच नाही ना, मॅडम."

ती सुट्टीची खोडलेली ओळ मी बराच वेळ बघत होते. सोळा दिवस म्हणाली असती तर आकडा जास्त जोरकस दिसला असता, आणि तपासायला कोण जाणार होतं? तरी तिने तो दिवस काढला. बातमीदारी शिकवणाऱ्याला फाइलमध्ये हेच हवं असतं. पद आणि पदकं सगळ्यांकडे असतात. काहीतरी दिसलं, खटकलं, मोजलं, ज्याला माहीत आहे त्याला विचारलं आणि आपलीच चूक आपण खोडली, हे फार थोड्यांकडे असतं. आणि ज्यांच्याकडे असतं त्यांना ते सांगण्याजोगं वाटत नाही.

निबंध नव्याने लिहायचं ठरलं, स्टिकरवरच्या नंबरापासून. शाळेला दोष देणारं एकही वाक्य नको, हे मी बजावलं. वाचणाऱ्याला तक्रार नको असते, ती काय करत होती ते बघायचं असतं. उपक्रमाच्या पहिल्या जागेतली आवड आणि संघभावना गेली. वही, १५ दिवस, मेकॅनिक आणि किल्ली त्या १५० अक्षरांत कशीबशी कोंबली. शिफारसपत्र कोणाचं घ्यायचं यावर मात्र अर्धा तास वाद झाला. तिला त्याच बाईंचं हवं होतं, लेख बाजूला ठेवणाऱ्या. "त्यांनीच मला व्याकरण शिकवलं," म्हणाली. माझं मत वेगळं होतं. मी ते सांगितलं आणि निर्णय तिच्यावर सोडला.

मग यादी. वडिलांचा जीव नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल पत्रकारिता शाळेत अडकला होता, आणि नोव्हेंबरमध्ये बांधील अर्ज, म्हणजे लागलं तर जावंच लागेल असा, करून चान्स वाढवायचा त्यांचा बेत होता. बांधील अर्जात स्वीकृतीचं प्रमाण जास्त दिसतं हे खरं, पण त्याच ढिगात हेरलेले खेळाडूही असतात, त्यामुळे दिसतो तेवढा फायदा साध्या अर्जदाराला मिळत नाही. आणि मुलीला आर्थिक मदत लागणार होती. असा करार केला की चार ठिकाणच्या मदतीची तुलना करायची संधी जाते. परदेशी अर्जदाराला पैशाची किती गरज आहे, हे बहुतेक विद्यापीठं निर्णय घेताना विचारात घेतात. हे घरात आधी बोलायला हवं. निबंध झाल्यावर नव्हे. पैशाबद्दल ते दोघं माझ्यासमोर पहिल्यांदाच बोलले. आकडा ऐकून मुलगी जरा वेळ खिडकीकडे बघत राहिली.

नॉर्थवेस्टर्न यादीत राहिलं, पण साध्या मुदतीत. तिथे शंभरात दहासुद्धा घेत नाहीत आणि गुण कळवणाऱ्यांपैकी बहुतेकांचा सॅट १५०० च्या आसपास किंवा पुढे. मी रकान्यात 'अवघड' लिहिलं. सिराक्यूज विद्यापीठाच्या न्यूहाउस या पत्रकारिता शाळेपुढे 'सांगता येत नाही', कारण विद्यापीठाच्या एकूण आकड्यापेक्षा ती शाळा कडक आहे. आणि एक नाव मी स्वतः घातलं, मिसूरी.

वडिलांनी लगेच शोधून बघितलं. "इथे तर सत्तर टक्क्यांहून जास्त मुलांना घेतात!" स्वरात चक्क निराशा.

सोपा प्रवेश म्हणजे हलकी शाळा, हा समज मला इथे रोज खोडावा लागतो. मिसूरीची पत्रकारिता शाळा १९०८ ची, कोलंबियाच्याही आधीची. तिथे विद्यार्थी गावाचं खरं वर्तमानपत्र चालवतात, व्यावसायिक संपादकांच्या हाताखाली. विद्यापीठाचं स्वतःचं टीव्ही केंद्र आहे, एनबीसी या अमेरिकी वाहिनीशी जोडलेलं. नगरपालिकेच्या बैठकीला बातमीदार म्हणून विद्यार्थी जातो आणि चूक झाली की गावातल्या माणसाचा फोन येतो. लिफ्टच्या वहीवाल्या मुलीला आणखी काय हवं? रकान्यात मी 'बहुधा होईल' लिहिलं. माझ्या हिशेबाने हे फार धाडसाचे शब्द आहेत.

नॉर्थवेस्टर्नहून नकार आला. सिराक्यूजने घेतलं, पण मदत पुरेशी नव्हती. मिसूरीत प्रवेशही मिळाला आणि काही शिष्यवृत्तीही. आता ती तिथेच आहे. ते विद्यापीठ ज्या गावात आहे, त्याचं नाव कोलंबिया.

मागच्या महिन्यात तिचा मेसेज आला. बाबा सगळ्या नातेवाइकांना सांगतात, पोरगी कोलंबियाला आहे. समोरचा "वा, न्यूयॉर्क!" म्हणतो आणि बाबा नुसते हसतात. "मी दर वेळी दुरुस्त करते, मॅडम. आता फोनवर घेताना मला आधीच बजावतात, गप्प बस म्हणून."