पाहुणी म्हणून दोन दिवस, मग कामाला लाग

प्रश्न : ताई, नर्सिंग पूर्ण करून मी टांझानियात मोशीजवळच्या एका गावात, आरोग्य केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाणार आहे. राहायची सोय एका चागा कुटुंबाच्या घरी आहे. मी शाकाहारी आहे आणि मला एकटीनं राहायची सवय आहे. त्या घरात पाहुणीसारखं राहायचं की काम करायचं? पैसे द्यायचे का? तुम्ही त्याच भागात राहून आला आहात, म्हणून विचारते.
— एक वाचक

उत्तर : कामाचं आधी सांगते, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. पहिल्या आठवड्यातच घरातलं एक काम मागून घे आणि ते रोज कर. घरची बाई ‘नको, तू बस’ म्हणेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचार. किलिमंजारोच्या उतारावर राहणाऱ्या या चागा लोकांच्या घरांत कामाला तोटा नाही. भोवती केळीची बाग, तिच्या सावलीत कॉफी, मागं गोठ्यात गाय. तिला चरायला सोडत नाहीत, गवत आणि केळीचे बुंधे कापून, वाहून आणून घालतात. ते ओझं तुझ्याकडून कुणी अपेक्षित धरणार नाही. मी संध्याकाळची भाजी निवडायची. मचिचा ही आपल्या माठाच्याच जातीची पालेभाजी. ती निवडता निवडता घरची बाई शेजाऱ्यापाजाऱ्यांचं जे सांगत बसायची, त्यावर माझी स्वाहिली खरी सुधारली. तिला थोरल्या मुलाच्या नावानं ‘मामा अमुक’ अशी हाक असते; स्वाहिलीत मामा म्हणजे आई. तूही तशीच मार, नुसतं नाव घेऊ नकोस. आणि सकाळी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ‘शिकामू’, म्हणजे थोरांना करायचा नमस्कार, म्हटल्याशिवाय दुसरा शब्द काढू नकोस. ‘मराहबा’ असं उत्तर आलं की मग चहा.

शाकाहाराचं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांग, मासेही नाही म्हणून सांग, कारण दगा नावाचे बारीक सुकवलेले मासे तिथं सहज ताटात येतात. उपाशी मात्र राहणार नाहीस. राजमा, मचिचा, कच्ची केळी आणि घेवडा एकत्र शिजवलेलं, कधी चपाती. रोजचं मुख्य अन्न उगाली. उकळत्या पाण्यात मक्याचं पीठ सोडून लाकडी उलथन्यानं घोटतात, ते इतकं घट्ट होतं की शेवटी दोन्ही हात लावावे लागतात. मग पातेलं ताटात पालथं करतात. जेवणाआधी घरातलं धाकटं मूल जग आणि घमेलं घेऊन प्रत्येकाच्या हातावर पाणी घालतं. उजव्या हातानं छोटा गोळा तोडायचा, वळायचा, अंगठ्यानं खळगा करायचा आणि त्यात भाजी उचलायची. आपल्याला हातानं जेवायची सवय आहे, त्यामुळं तू लवकर शिकशील, आणि पोटभर जेवलीस की मामाचा चेहरा खुलतो. तिला दुसरं कौतुक लागत नाही.

एकटेपणाबद्दल: दार लावून तासन् तास खोलीत बसणं तिथं आजारपणाचं लक्षण समजतात. कुणीतरी ‘होडी’, म्हणजे ‘आत येऊ का?’, म्हणत येईलच. तुला वाचायचं असेल तर अंगणात बसून वाच. बाहेर जाताना कुठं जातेस, अंधार पडायच्या आत येतेस का, हे सांगून जा. ही पाळत नाही, तुझी जबाबदारी त्यांनी खरोखर घेतलेली असते. वेळ ठरवताना एक ध्यानात ठेव, स्वाहिली घड्याळ सूर्योदयापासून मोजतात. सकाळी ‘दोन वाजता निघू’ म्हणजे आपले आठ. रविवारी चर्चला बोलावतील. धर्माची अडचण मानू नकोस, जा. मी लुथेरन चर्चमध्ये जायची. ज्यांच्याकडं रोकड नसते ते केळीचा घड, अंडी, कोंबडी अर्पण करतात आणि प्रार्थना संपल्यावर बाहेर त्याचा लिलाव होतो. अख्खं गाव तिथं भेटतं. आरोग्य केंद्रात तुझ्याकडं येणारी माणसं तिथंच आधी तुला ओळखायला लागतील.

आता पैसे. तुझ्या राहण्याचे कुटुंबाला किती मिळतात आणि त्यात काय काय धरलंय, हे निघण्यापूर्वी संस्थेला विचार. स्वयंसेवकाचा परवानाही त्याच वेळी विचार, पर्यटक व्हिसावर हे काम करता येत नाही. त्यापलीकडं मदत वस्तूंतून कर. साखर, तेल, कधी तांदूळ. विजेचं मीटर आगाऊ पैसे भरायचं असतं. मोबाइलवरून पैसे भरले की 20 अंकी क्रमांक येतो, तो मीटरवर दाबायचा. महिन्यातून एकदा ते तू भरलंस तर कुणालाच संकोच होत नाही. नात्यातल्या कुणी शाळेच्या फीसाठी थेट तुझ्याकडं पैसे मागितले, तर हो किंवा नाही म्हणण्याआधी मामाशी बोल. कुणाची गरज खरी आणि किती, हे तिला ठाऊक असतं.