फिल्म न्वारचा अभ्यास आणि पुढचे करिअर : खानापूरच्या विद्यार्थिनीस उत्तर

खानापूरच्या एका विद्यार्थिनीने सविस्तर पत्र पाठवले आहे. त्या बेळगावच्या महाविद्यालयात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून पत्रकारिता हा त्यांचा एक विषय आहे. या सत्रात त्यांना एका चित्रपटशैलीचा अभ्यास करून त्या शैलीतील चित्रपटाची दोन मिनिटांची सुरुवात स्वतः चित्रित करून द्यायची आहे आणि त्यासाठी त्यांनी फिल्म न्वार, म्हणजे दाट सावल्यांच्या, काळोख्या स्वभावाच्या जुन्या अमेरिकन गुन्हेपटांची शैली, निवडली आहे. हा अभ्यास नेमका कसा करायचा, मोबाइल आणि घरातले दिवे एवढ्यावर तो पार पडेल का, आणि मराठी माध्यमात शिकलेल्या मुलीला ऐंशी वर्षांपूर्वीचे अमेरिकन गुन्हेपट पाहून पुढे कोणते काम मिळणार, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत. त्यांच्या वडिलांचे खानापुरात किराणा मालाचे दुकान असून पदवीनंतर मुलीने बी.एड. करावे असा त्यांचा आग्रह आहे.

आपण पत्रासोबत जोडलेला आराखडा मी आधी वाचला. त्यात ओव्हरकोट आणि हॅट घातलेला गुप्तहेर आहे, तोंडात सिगार आहे, लग्नाच्या मंडपवाल्याकडून भाड्याने आणायचे धुराचे यंत्र आहे आणि इंग्रजी निवेदन आहे. हे सगळे आपण बाजूला ठेवावे असा माझा स्पष्ट सल्ला आहे. हॅट आणि सिगार हा त्या काळच्या अमेरिकन शहरातल्या माणसाचा रोजचा पेहराव होता. आपल्या पडद्यावर तो स्नेहसंमेलनातल्या वेशभूषेसारखा दिसेल आणि परीक्षकांना शैलीचा अभ्यास कुठेच सापडणार नाही. न्वारमध्ये अभ्यासण्यासारखे आहे ते म्हणजे प्रकाश कुठे पाडायचा, कुठे मुद्दाम पाडायचा नाही, आणि प्रेक्षकाला कोणती माहिती केव्हा द्यायची याचे निर्णय. हे निर्णय घेता येणे हेच पुढे तुमचे कौशल्य ठरणार आहे, त्यामुळे तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी याच एका धाग्याने देतो.

पहिल्यांदा हा अंधार आला कुठून ते समजून घ्या, कारण अहवालात बहुतेक विद्यार्थी तेवढेच गाळतात. महायुद्धात जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये अमेरिकन चित्रपट पोहोचत नव्हते. युद्ध संपल्यावर ते एकदम पॅरिसच्या पडद्यावर आले, तेव्हा त्यांतल्या काही गुन्हेपटांचा स्वभाव सारखाच काळोखा आहे हे तिथल्या समीक्षकांच्या ध्यानात आले आणि १९४६ मध्ये निनो फ्रँक यांनी त्यांना उद्देशून ‘फिल्म न्वार’ असे म्हटले. स्वतः दिग्दर्शकांना आपण अशा नावाची काही शैली घडवत आहोत याची कल्पना नव्हती. फ्रिट्झ लांग, रॉबर्ट सिओडमाक, बिली वाइल्डर ही मंडळी बर्लिनच्या चित्रपटसृष्टीत काम करून, नाझी राजवटीमुळे तिथून बाहेर पडून हॉलिवूडला आलेली होती आणि तिरक्या सावल्यांची जर्मन सवय त्यांच्याबरोबर आली. युद्धकाळात नव्या सेटच्या साहित्यावर सरकारी मर्यादा होत्या. जी भिंत अंधारात ठेवायची ती बांधावी लागत नाही, हे कमी खर्चात चित्रपट काढणाऱ्यांना लवकर उमगले. तिसरे कारण सेन्सॉरचे. १९३४ पासून काटेकोरपणे लागू झालेल्या हॉलिवूडच्या निर्मितीसंहितेनुसार गुन्हेगाराला शिक्षा होणे अटळ होते, म्हणजे शेवट प्रेक्षकाला जवळजवळ ठाऊकच असायचा. म्हणून या चित्रपटांच्या सुरुवाती ‘पुढे काय होईल’ या उत्सुकतेवर फारशा विसंबत नाहीत. हा माणूस या गर्तेत पडला कसा, ही ओढ त्या पहिल्याच मिनिटात लावतात.

वाइल्डर यांच्या १९४४ च्या ‘डबल इन्डेम्निटी’मध्ये श्रेयनामावली चालू असताना कुबड्या घेतलेल्या एका माणसाची काळी आकृती आपल्या दिशेने येत राहते. मग रात्रीच्या लॉस एंजेलिसमध्ये एक मोटार बेफाम धावते, एक जखमी विमा एजंट आपल्या कार्यालयात येतो आणि ध्वनिमुद्रण यंत्रासमोर बसून कबुली देतो की आपण पैशासाठी आणि एका स्त्रीसाठी खून केला आणि दोन्हींपैकी काहीच हाती लागले नाही. खुनी कोण हे कळले, हेतू कळला, अपयशही कळले. तरी आपण पुढचा चित्रपट खुर्चीच्या टोकावर बसून पाहतो. त्या कुबड्यांचा अर्थ मात्र बऱ्याच उशिरा लागतो. १९५० च्या ‘डी.ओ.ए.’मध्ये एक माणूस पाठमोरा लांबच लांब मार्गिकांमधून चालत पोलिसांकडे जातो आणि एका खुनाची फिर्याद देतो. खून कोणाचा असे विचारल्यावर तो स्वतःचाच, असे सांगतो.

आपल्या साधनांचा विचार करता मी एडगर उल्मर यांच्या १९४५ च्या ‘डिटूर’वर अधिक वेळ घालवायला सांगेन. हा अत्यंत तुटपुंज्या पैशांत केलेला चित्रपट आहे. रस्त्याकडेच्या खानावळीत नायक दाढी वाढलेल्या अवस्थेत कॉफी पीत बसला आहे. कोणीतरी यंत्रात नाणे टाकून एक गाणे लावतो आणि ते ऐकून तो भडकतो. नंतर तो एकटाच आठवणीत शिरतो तेव्हा आजूबाजूचा उजेड मंदावतो आणि एकच पट्टा त्याच्या डोळ्यांवर उरतो. खानावळ तीच, माणूस तोच, जागा बदललेली नाही. दिवा कमी केल्यामुळे आपण त्याच्या डोक्यात गेलो. हा प्रसंग आवाज बंद करून पाहा, मग डोळे मिटून फक्त ऐका, आणि त्यानंतरच वहीत एकेक शॉट उतरवा: किती सेकंदांचा, प्रकाश कोणत्या बाजूने, चौकटीत काळा भाग किती, आणि या शॉटने आपल्याला कोणती नवी गोष्ट सांगितली. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. जो शॉट काहीच नवे सांगत नाही तो तिथे का आहे, हे शोधताना तुमचा खरा अभ्यास होईल.

सीमाभागात वाढलेल्या विद्यार्थिनीला ऑर्सन वेल्स यांच्या १९५८ च्या ‘टच ऑफ ईव्हिल’ची सुरुवात विशेष जवळची वाटेल. अमेरिका आणि मेक्सिकोच्या हद्दीवरचे गाव आहे. कोणीतरी मोटारीच्या डिकीत बॉम्ब ठेवतो आणि तिथून तीन मिनिटांहून अधिक काळ एकही कट न घेता क्रेनवरचा कॅमेरा ती मोटार, रस्त्यावरची गर्दी आणि पायी चाललेले नवरा-बायको यांच्या मागे फिरत नाक्यापर्यंत येतो. नाक्यावरची चौकशी आपल्या ओळखीची, साधीच आहे. पण बॉम्बची गोष्ट आपल्याला ठाऊक आणि त्या माणसांना नाही, त्यामुळे तिथला प्रत्येक क्षण असह्य होतो. स्टुडिओने या शॉटवर नावे आणि हेन्री मॅन्सिनी यांचे संगीत घातले होते. वेल्स यांनी लिहून ठेवलेल्या ५८ पानी टिपणाच्या आधारे १९९८ मध्ये नवे संकलन झाले, तेव्हा नावे काढली गेली आणि संगीताच्या जागी रस्त्यावरच्या दुकानांतून, गाड्यांतून येणारे आवाज आले. दोन्ही आवृत्त्या एकापाठोपाठ पाहिल्यात तर ध्वनीवर एक संपूर्ण प्रकरण लिहिता येईल.

आपल्याकडची परंपराही अहवालात यायला हवी. गुरुदत्त यांचा ‘बाजी’ १९५१ चा, राज खोसला यांचा ‘सी.आय.डी.’ १९५६ चा. राजा परांजपे यांचा मराठी ‘पाठलाग’ १९६४ चा, ज्यावरून खोसला यांनीच पुढे ‘मेरा साया’ केला. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर श्रीराम राघवन यांच्या २०१८ च्या ‘अंधाधुन’ची सुरुवात घ्या: कोबीच्या शेतात एका सशामागे बंदूकधारी लागला आहे, आणि या सशाचा कथेशी संबंध काय हे अगदी शेवटी कळते.

आता चित्रीकरणाकडे वळतो. जुलै-ऑगस्टमध्ये खानापुरात पडणारा पाऊस ही आपली मोठी जमेची बाजू आहे. न्वारचे छायाचित्रकार रात्रीच्या चित्रीकरणापूर्वी रस्ते पाणी मारून भिजवत, कारण ओला रस्ता दिव्याचा उजेड परत देतो आणि कोरडा रस्ता तो गिळून टाकतो. आपल्या वडिलांच्या दुकानाचे शटर रात्री अर्धे खाली ओढलेले असताना आत एकच दिवा ठेवून समोरच्या ओल्या रस्त्यावर पडणारा उजेड पाहा. शटर खाली येत जाते तसा आत उभ्या माणसाचा चेहरा आधी नाहीसा होतो, मग हात, मग फक्त पाय उरतात. बाहेर कोणीतरी थांबले आहे एवढे एका आवाजाने सुचवले तर सुरुवात तयार झाली. हॉलिवूडच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्यांऐवजी आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांचे गज वापरा. त्यांची सावली चेहऱ्यावर तितकीच नेमकी पडते.

तांत्रिक बाबी थोड्या आहेत, पण त्या चुकल्या तर सगळे वाया जाते. अंधार दिसताच मोबाइल आपोआप चित्र उजळ करतो आणि काळ्या भागात दाणे उमटतात, म्हणून एक्स्पोजर (चित्र किती उजळ घ्यायचे ते प्रमाण) चेहऱ्याच्या उजळ बाजूवर ठेवून लॉक करा आणि आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) शक्य तितका खाली ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ फ्रेम आणि कॅमेऱ्याच्या शटरचा वेग १/५० सेकंद ठेवला तर एलईडी दिव्याचे लुकलुकते पट्टे सहसा येत नाहीत. दिवा माणसाच्या बाजूला आणि थोडा मागे ठेवा. दुसरी बाजू पूर्ण काळी होत असेल तर थर्माकोलचा पांढरा तुकडा दूर धरून किंचित उजेड परतवा. चित्रीकरण रंगीत करून नंतर कृष्णधवल करता येते, मात्र दृश्याची मांडणी पहिल्यापासून काळ्या-पांढऱ्याचा विचार करूनच करा. निवेदन मराठीत असू द्या, आणि पात्र कन्नड बोलणारे असेल तर ते कन्नडच बोलू दे; खाली उपशीर्षके द्या. स्थानकावर किंवा नाक्यावर परवानगीशिवाय कॅमेरा लावू नका.

करिअरच्या प्रश्नावर मी गोड बोलणार नाही. न्वारचा अभ्यास केला म्हणून कोणी नोकरी देत नाही. परंतु एका दिव्यात प्रसंग उभा करता येतो आणि दोन मिनिटांत प्रेक्षकाला बांधून ठेवता येते हे दाखवणारी चित्रफीत ज्याच्याजवळ आहे, त्याला सहायक छायाचित्रकार किंवा संकलक म्हणून पहिले दार उघडण्याची शक्यता इतरांपेक्षा निश्चित जास्त असते. सुरुवातीची काही वर्षे पैसे अनियमित असतात, हेही वडिलांना आजच सांगून ठेवा. छायाचित्रण, संकलन, ध्वनी किंवा पटकथा यांपैकी एक अंग तिसऱ्या वर्षाच्या आत निवडा. निर्णय होत नसेल तर संकलनापासून सुरुवात करा, कारण दाव्हिंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घरच्या बऱ्यापैकी संगणकावर चालते आणि बेळगावातच बातम्या, जाहिराती व लग्नसमारंभ यांच्या संकलनाचे काम सुट्टीत मिळू शकते.

शिक्षणासाठी माझी पहिली पसंती पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटला आहे. १९६० मध्ये ती प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. प्रभातचा जन्म १९२९ मध्ये आपल्या शेजारच्या कोल्हापुरात झाला होता. पुण्याच्या या संस्थेतल्या दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन, ध्वनी या अभ्यासक्रमांसाठी पदवी लागते आणि प्रवेश देशपातळीवरील परीक्षेतून होतो, त्यामुळे तुम्ही कर्नाटकात राहता की महाराष्ट्रात याने फरक पडत नाही. दुसरा पर्याय बेंगळुरूजवळ हेसरघट्टा येथील सरकारी चित्रपट संस्थेचा. त्या शिक्षणाचे मूळ बेंगळुरूच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमध्ये आहे आणि ‘कागज़ के फूल’मधला तो प्रकाशाचा झोत आरशांनी सूर्यप्रकाश आत वळवून उभा करणारे म्हैसूरचे व्ही. के. मूर्ती तिथेच शिकले. दादासाहेब फाळके पुरस्कार मिळवणारे ते पहिले छायाचित्रकार. या संस्थेसाठी आणि पुढे बेंगळुरूत काम करण्यासाठी कन्नड चांगले यायला हवे. ते आपल्याला रोजच्या व्यवहारातून येतेच, आता लिहिण्या-वाचण्याचाही सराव ठेवा. पत्रकारितेचे पदव्युत्तर शिक्षण घ्यायचे झाल्यास धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ आणि कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. लाखो रुपये शुल्क घेऊन ‘शंभर टक्के काम’ देण्याचे आश्वासन देणाऱ्या खासगी अकादमीत मात्र दुकानाची पुंजी घालू नका.

वडिलांच्या म्हणण्याला मी कमी लेखत नाही. पदवीनंतर बी.एड.चा मार्ग बंद होत नाही. तो एक-दोन वर्षांनीही खुला राहतो. तेव्हा पदवी चांगल्या गुणांनी पूर्ण करून प्रवेश परीक्षांचे दोन प्रयत्न करू द्यावेत आणि त्या काळात संकलनाच्या कामातून स्वतःचा खर्च काही प्रमाणात स्वतः उचलावा, असा करार त्यांच्यापुढे मांडा. व्यापारी माणसाला मुदत घालून दिलेला प्रस्ताव लवकर पटतो, असा माझा अनुभव आहे.

एक काम लगेच हातात घ्या. महाराष्ट्रातील काही प्रवेशप्रक्रियांमध्ये सीमाभागातील ८६५ गावांच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. आपले गाव त्या यादीत आहे का, आणि आपण निवडलेल्या अभ्यासक्रमाला ती तरतूद लागू होते का, हे त्या त्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात पाहा. केंद्रीय संस्थांमध्ये ओबीसी आरक्षण घ्यायचे असल्यास राज्याच्या नमुन्यातले प्रमाणपत्र चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातले लागते आणि तहसील कार्यालयात त्याला वेळ लागतो. त्याचा अर्ज दिवाळीच्या सुट्टीपूर्वी देऊन टाका.