नायजेरियातल्या लागोसला पहिल्यांदा कामानिमित्त जाताय? हॉटेल असं निवडा

आधी काम कुठे आहे ते बघा, दर नंतर. विमानतळ इकेजाला, मुख्य भूमीवर. बँका-कंपन्यांची बरीच ऑफिसं व्हिक्टोरिया आयलंडवर. मधला थर्ड मेनलँड ब्रिज जवळपास 12 किलोमीटरचा. सकाळी बेटाकडे आणि संध्याकाळी परत अशी कोंडी असते, त्यामुळे इकेजातली स्वस्त खोली रोजचे तीन-चार तास खाते. बैठकांच्या बाजूलाच राहा. पहाटेचं विमान असेल तर फक्त शेवटची रात्र इकेजाला.

वीज जाणारच. जनरेटर चोवीस तास चालतो का, हे बुकिंगआधी लेखी विचारा, आणि खोली त्याच्यापासून लांबची मागा; धूर आणि घरघर झोपू देत नाही. वीज बदलताना काही सेकंद अंधार होतो, तेवढ्यात वायफायही तुटतं. महत्त्वाच्या कॉलसाठी मोबाइल डेटा ठेवाच. सॉकेट चौकोनी तीन पिनांचे, अ‍ॅडॉप्टर इथूनच न्या.

चेक-इनला भाड्याशिवाय अनामतही अडकवतात. ती सुटायला दिवस लागतात, म्हणून कार्डाची मर्यादा आधी तपासा.

शाकाहारी असाल तर नुसतं ‘नो मीट’ म्हणून भागत नाही. भाजीच्या सूपात सुकटीसारखी क्रेफिशची पूड असते, जोलोफ भात बरेचदा मांसाच्या रश्शात शिजतो. क्रेफिश आणि मांसाचा रस्सा, दोन्ही नावं घेऊन विचारा.

पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. प्रमाणपत्र नसेल तर परतल्यावर 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच.