प्रीमियरमधली टाइमलाइन रिझॉल्व्ह आणि प्रो टूल्सला पाठवली की सगळं लाल का दिसतं?

तुम्ही विचारलंय की १४ मिनिटांची शॉर्ट फिल्म प्रीमियर या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये कापून झाली, कलर करणारा कोल्हापुरात रिझॉल्व्ह या कलरच्या सॉफ्टवेअरवर बसतो, साउंडवाला प्रो टूल्स या आवाजाच्या सॉफ्टवेअरवर, तुम्ही दोघांना प्रोजेक्ट फाइल मेल केली तर कुणाकडेच उघडली नाही, मग कुणीतरी सांगितलं म्हणून एक्सएमएल पाठवली तर टाइमलाइन आली पण अख्खी लाल, मीडिया ऑफलाइन, म्हणजे फुटेजच सापडत नाही. तुम्ही खानापूरचे म्हणून जरा सविस्तर लिहितो, मी इथं बेळगावच्या वडगावातच बसतो, लग्नं, शिवजयंतीचे चित्ररथ, मधेच एखादी फिल्म असं मिळेल ते कापतो, आणि हा मार मी पण खाल्लाय.

आधी एक डोक्यात बसवा, एक्सएमएल म्हणजे किराणाची यादी. यादीत तूरडाळ दोन किलो असं लिहिलेलं असतं, डाळ दुकानातच असते. तसंच त्या फाइलीत कुठली क्लिप, कुठल्या सेकंदापासून कुठपर्यंत, कुठल्या ट्रॅकवर, एवढंच असतंय. तुम्ही यादी कोल्हापूरला पाठवली आणि डाळ खानापुरात ठेवली, मग त्याला लाल नाही दिसणार तर काय दिसणार ओ. आणि प्रोजेक्ट फाइल म्हणजे प्रीमियरची स्वतःची वही, ती रिझॉल्व्हला वाचताच येत नाही.

तर कलरसाठी फाइल मेनूत एक्सपोर्ट, त्यात फायनल कट प्रो एक्सएमएल. नाव बघून गोंधळू नका, ही जुन्या फायनल कट ७ च्या जातीची एक्सएमएल आहे, २०११ ला नवीन फायनल कट आलं त्याची वेगळी असते, रिझॉल्व्ह दोन्ही वाचतो म्हणून तुम्हाला काळजी नाही. साउंडसाठी एएएफ, म्हणजे प्रो टूल्सला वाचता येणारी तशीच यादी, हिच्या पोटात आवाज पण भरता येतो. ईडीएल म्हणून तिसरं एक आहे, टेपच्या जमान्यातलं, त्यात एकच व्हिडिओ ट्रॅक आणि चार ऑडिओ मावतात, साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतो. ते कधी लागतं ते खाली सांगतो.

आता फुटेज पाठवताना फोल्डरची रचना जशीच्या तशी पाठवा आणि फाइलींची नावं एडिट झाल्यावर बदलू नका, बदलायचीच असतील तर कार्डावरून कॉपी करताना, एडिट सुरू व्हायच्या आधी. याचं माझं उदाहरण ऐका. निपाणीचं एक लग्न, दोन कॅमेरे, दोघांच्या कार्डावर नंबर सी०००१ पासूनच सुरू, दोघांचा टाइमकोड, म्हणजे प्रत्येक फ्रेमवरचा वेळेचा नंबर, तो पण शून्यापासून. मी फोल्डर वेगवेगळे केले होते पण पाठवताना हार्ड डिस्कवर जागा नव्हती म्हणून सगळं दोन डिस्कवर विभागून टाकलं आणि पाथ, म्हणजे फाइलींचे पत्ते, बदलले. कलरवाल्यानं रिझॉल्व्हला फोल्डर दाखवला, रिझॉल्व्हला जी पहिली सी००१२ सापडली ती त्यानं बसवली. नवरी मंडपात येते त्या शॉटच्या जागी मांडवामागं जिलबी तळणारा आचारी! कलरवाल्याला काय माहीत कथा काय आहे, त्यानं मन लावून काम केलेलं, जिलबीचा केशरी रंग काय सुंदर काढला होता. मी घाईत नीट न बघता फाइल पुढं दिली, आणि नवरीच्या मामानं फोन केला. तेव्हापासून कार्ड कॉपी करताना प्रत्येक फाइलीच्या पुढं तारीख, कॅमेरा आणि कार्डाचा नंबर लावतो, बॅच रीनेमला दोन मिनिटं लागतात.

नावांवरून आठवलं, आपल्याकडचा खास घोळ म्हणजे फोल्डरला मराठीत किंवा कन्नडमध्ये नाव देणं. माझ्या फोल्डरचं नाव हळद, दुसरा कॅमेरावाला कन्नडिगा, त्यानं त्याच कार्यक्रमाला अरिशिण लिहिलेलं, कन्नड लिपीत. एक्सएमएल उघडून बघा, पाथमध्ये एका 'ह'च्या जागी टक्क्याच्या खुणांसकट नऊ अक्षरं लागलेली असतात, बऱ्याचदा चालतं पण ईडीएलमध्ये गेलं किंवा कुणी झिप करून उघडलं की प्रश्नचिन्हं नाहीतर कचरा होतो. म्हणून फाइल आणि फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत, मधे स्पेस न देता, अभिमान पडद्यावरच्या टायटलमध्ये दाखवा की.

पाठवायच्या आधी टाइमलाइन साफ करा, आणि मूळ सीक्वेन्सवर नाही तर त्याची डुप्लिकेट काढून. बंद करून ठेवलेल्या क्लिपा उडवा, सगळं शक्य तेवढं पहिल्या ट्रॅकवर उतरवा, मल्टिकॅम (अनेक कॅमेरे एकत्र जोडलेली क्लिप) असेल तर फ्लॅटन करा, नेस्ट केलेलं, म्हणजे एका सीक्वेन्समध्ये कोंबलेला दुसरा सीक्वेन्स, सोडवा, टायटल काढून टाका. प्रीमियरच्या ल्युमेट्रीत केलेला कलर, थरथर काढणारा वॉर्प स्टॅबिलायझर, वरून इफेक्ट चढवायचा ॲडजस्टमेंट लेयर यातलं काही पलीकडे जात नाही. सरळ ५० टक्के स्लो मोशन जातं, पण वेग हळूहळू वाढवत नेणारा रॅम्प असेल तर तो वेडावाकडा होतो, ते शॉट प्रोरेसमध्ये, म्हणजे दर्जा टिकवणाऱ्या मोठ्या फाइलीत, रेंडर करून क्लिप म्हणून परत लावा आणि मग पाठवा. साधा कट, डिझॉल्व्ह, पोझिशन, स्केल एवढं बहुतेक व्यवस्थित पोचतं.

स्केलवरून पण एक. फोर के क्लिप १०८० च्या टाइमलाइनवर टाकली की राइट क्लिकला दोन पर्याय येतात, स्केल टू फ्रेम साइझ आणि सेट टू फ्रेम साइझ. दिसायला एकच. पहिल्यात मोशनमधला स्केलचा आकडा १०० च राहतो, दुसऱ्यात तो ५० होतो. एक्सएमएलमधून आकडाच जातो, त्यामुळे पहिला वापरला असेल तर तिकडं कुणाचं कपाळ कापलेलं, कुणाची हनुवटी कापलेली. दुसराच वापरा.

मोबाइलवर काढलेले शॉट आहेत काय? मोबाइल व्हेरिएबल फ्रेम रेटनं शूट करतो, म्हणजे कधी सेकंदाला २९ फ्रेम, कधी ३०, प्रीमियर सांभाळून घेतो पण रिझॉल्व्हमध्ये तोच कट चार फ्रेम पुढं सरकतो, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. हे शॉट एडिट सुरू करायच्या आधीच हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून कॉन्स्टंट २५ करून घ्यायचे असतात. आता एडिट झालंय म्हणजे तुम्हाला तेवढ्या क्लिपा प्रीमियरमधूनच रेंडर करून बदलाव्या लागतील, कंटाळवाणं आहे पण इलाज नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे निम्मी मंडळी करत नाहीत, रेफरन्स मूव्ही द्या. म्हणजे तुमची फायनल एडिट, टायटलसकट, छोट्या एच.२६४ फाइलमध्ये, चित्रावरच टाइमकोड छापलेला. कलरवाला ती रिझॉल्व्हमध्ये ऑफलाइन रेफरन्स म्हणून टाइमलाइनला जोडतो आणि प्रत्येक कट तुमच्या एडिटशी पडताळून बघतो. माझ्या वेळी ही दिली असती तर आचारी पहिल्याच दिवशी पकडला असता.

हे सगळं वाचून डोकं गरगरलं असेल तर एक आडवाट आहे, आणि खरं सांगतो, माझ्या अर्ध्या कामांना मी तीच वापरतो. ल्युमेट्री बंद करा, टायटल आणि डिझॉल्व्ह काढा, आणि अख्खी फिल्म एकच प्रोरेस ४२२ एचक्यू फाइल म्हणून काढा. १०८० ला २५ फ्रेमवर ती सेकंदाला १८४ मेगाबिट खाते, १४ मिनिटांचे १९ जीबीच्या आसपास झाले, पेन ड्राइव्हवर मावतंय. सोबत ईडीएल द्या म्हणजे रिझॉल्व्ह त्या लांब फाइलीला तुमच्या कटांवर तोडतो, नाहीतर त्याच्या सीन कट डिटेक्शननं तोडता येतं. तोटा एकच, नंतर कट बदलायचा म्हटलात तर पुढचे मागचे फ्रेम कलरवाल्याकडे नसतात. म्हणून एडिट कुलूपबंद झाल्यावरच ही वाट. निर्माते काका अजून "तो शॉट जरा लांबवूया" म्हणत असतील तर एक्सएमएलच.

साउंडचं. एएएफ काढताना ४८ हजार हर्ट्झ, २४ बिट, ऑडिओ एम्बेड, आणि ट्रिम करून हँडल द्या. हँडल म्हणजे कटच्या दोन्ही बाजूंचा शिल्लक आवाज, तिथं आकडा फ्रेममध्ये मागतो, २५ च्या टाइमलाइनवर पाच सेकंद म्हणजे १२५. हँडल नाही दिलं तर बिचाऱ्याला फेड करायलाच जागा नाही. ट्रॅक आधीच लावून घ्या, संवाद वेगळे, ॲम्बियन्स (आजूबाजूचा आवाज) वेगळा, म्युझिक वेगळं, कुठल्या ट्रॅकवर काय ते कागदावर लिहून द्या. तुमच्या फिल्ममध्ये मराठी-कन्नड दोन्ही संवाद आहेत म्हणता, तर कोण पात्र कुठल्या ट्रॅकवर ते पण लिहा, कोल्हापूरच्या माणसाला कन्नड वाक्य मधेच तुटलंय की तेवढंच आहे हे कळत नाही. तुम्ही टाकलेला इको, नॉइज रिडक्शन काढून कच्चा आवाज द्या, ते काम त्याच्याकडे जास्त चांगलं होतं.

टू पॉप विसरू नका. फिल्म एक तासाच्या टाइमकोडला सुरू होईल असं सीक्वेन्सचा स्टार्ट टाइम लावा आणि बरोबर दोन सेकंद आधी, म्हणजे ५९ मिनिटं ५८ सेकंदाला, एका फ्रेमपुरता १ किलोहर्ट्झचा बीप ठेवा. रेफरन्स मूव्हीत तो असू द्या, आणि परत येणाऱ्या मिक्समध्ये पण तो तसाच ठेवायला सांगा. साउंड आला की बीपवर बीप बसवायचा, झालं. नाहीतर रात्रभर ओठ बघत बसाल.

परत येताना कलरवाला एकच सलग फाइल देईल, तीच सोयीची. तिच्यावर टायटल आणि सबटायटल प्रीमियरमध्येच चढवा. तिथं जोडाक्षरं फुटत असतील, 'प्रस्तुत'चं 'प् रस्तुत' होत असेल, कन्नडमधले ओत्तू (जोडाक्षरात खाली लागणारी अक्षरं) पण सुटे पडत असतील, तर प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियनवर टाका आणि टायटल परत टाइप करून बघा.

शेवटचं, पेन ड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाइल बसत नाही, एक्सफॅट करून घ्या. आणि सुरुवातीलाच सगळ्या फुटेजची एक कॉपी डिस्कवर कोल्हापूरला पोचवा, तुमच्याकडे तशीच दुसरी ठेवा. मी डिस्क बसनं पाठवायचो, पण सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्हीकडच्या बस बंद, आणि डिलिव्हरीची तारीख नेमकी त्याच आठवड्यात असते. फुटेज तिकडं आधीच पोचलेलं असेल तर नंतर कितीही कट बदला, नवी एक्सएमएल व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून गेली तरी भागतं. आज रात्रीच पहिल्या एक मिनिटाची टाइमलाइन वेगळी काढून तेवढीच पाठवून बघा, ती नीट उघडली की मग अख्खी.