शास्त्र शाखा आणि कम्युनिटी कॉलेज : पदवीच्या नावाआधी विषयांचा क्रम पाहावा

सप्रेम नमस्कार.

फ्रीमाँटहून पाठवलेले आपले पत्र मिळाले. मुलीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचे आहे, त्यासाठी जवळच्या कम्युनिटी कॉलेजातील (म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षे शिकवणाऱ्या स्थानिक सरकारी महाविद्यालयातील) ‘बायोलॉजिकल अँड फिजिकल सायन्सेस’ ही दोन वर्षांची असोसिएट पदवी घेऊन पुढे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात जाण्याचा तिचा विचार आहे, आणि पुण्याचे नातेवाईक मात्र ‘चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळाला नाही का?’ असे विचारतात, असे आपण लिहिले आहे.

नातेवाइकांच्या प्रश्नाने आपण खट्टू होऊ नये. 1984 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे ब्रूस मेरिफिल्ड यांची पहिली दोन वर्षे पासाडीना ज्युनिअर कॉलेजात (म्हणजे आजच्या भाषेत कम्युनिटी कॉलेजातच) गेली आणि तेथून ते यूसीएलएमध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत गेले. शिवाय कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात एका युनिटला (अभ्यासक्रमाचा भार मोजण्याच्या एककाला) 46 डॉलर पडतात, म्हणजे ट्रान्सफरसाठी, अर्थात तेथून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला जाण्यासाठी, लागणाऱ्या 60 सेमिस्टर युनिटांचे शुल्क 2,760 डॉलर होते. पुस्तके व किरकोळ शुल्क वेगळे.

मला काळजी वाटते ती या पदवीच्या नावाची. अशी एकत्र पदवी अनेकदा थोडे जीवशास्त्र, थोडे रसायनशास्त्र, थोडे भूशास्त्र असे वेचून पूर्ण करता येते. प्रमाणपत्र हाती पडते, पण विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र घेण्यासाठी जी पूर्वतयारी लागते ती झालेली असतेच असे नाही. यात सगळ्यात अवघड असते ती रसायनशास्त्राची साखळी. जनरल केमिस्ट्रीची दोन सत्रे झाल्याशिवाय ऑरगॅनिक (सेंद्रिय) केमिस्ट्रीची दोन सत्रे सुरू होत नाहीत, म्हणजे चारही सत्रे त्यातच जातात. पहिल्याच सत्रात गणित कच्चे राहिल्यामुळे किंवा वर्ग भरल्यामुळे जनरल केमिस्ट्री हुकली, तर दोन वर्षांची तीन वर्षे व्हायला वेळ लागत नाही. हे मी अनेक हुशार मुलांच्या बाबतीत पाहिले आहे, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटले आहे.

म्हणून नोंदणीपूर्वी तिच्यासोबत ‘असिस्ट’ हे राज्याचे संकेतस्थळ उघडावे आणि तिचे कॉलेज, तिला हवे असलेले विद्यापीठ व विषय निवडावा. डाव्या बाजूला विद्यापीठाचा अभ्यासक्रम आणि उजवीकडे त्याच्या तोडीचा कॉलेजचा अभ्यासक्रम दिसतो. जेथे जोड नाही तेथे तसे स्पष्ट लिहिलेले असते. उजवीकडील नावांवरून चारही सत्रांचा आराखडा तिनेच आपल्या हाताने मांडावा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या शाखांपैकी डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहा ठिकाणी ठरावीक अटी पाळल्यास प्रवेशाची हमी मिळू शकते, मात्र विषयागणिक अटी बदलतात आणि हमीचा अर्ज 1 ते 30 सप्टेंबरदरम्यानच करावा लागतो. बर्कली व यूसीएलएला ही सोय नाही.

आठवड्याला पंचवीस तास नोकरी करण्याचा तिचा बेत मात्र मला पटत नाही. एका सत्रात दोन विषयांच्या प्रयोगशाळा आल्या की तीन-तीन तासांची प्रात्यक्षिके आणि त्यांचे अहवाल लिहिणे यात दुपारच्या दुपार निघून जातात. पहिले सत्र तिने दहा तासांवर भागवावे आणि रसायनशास्त्राच्या पहिल्या परीक्षेचे गुण हाती आल्यावरच तास वाढवण्याचा विचार करावा.