कूपन मुलाच्या हातात द्या, हिशेबासकट

न्यू जर्सीहून एका आईने विचारलंय: "मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेत गणितात हुशार आहे, पण दुकानात कुठली वस्तू महाग आणि कुठली स्वस्त, हे त्याला सांगता येत नाही. आम्ही सगळं कार्डावर घेतो, त्यामुळे पैसे त्याने फारसे हाताळलेलेच नाहीत. दर आठवड्याला किराण्याची कूपनं घरी येतात. त्यातून त्याला काही शिकवता येईल का? जुलैत आम्ही पुण्याला येतोय, कोथरूडला आजी-आजोबांकडे. तिथे काय करून घ्यावं?"

शिकवता येईल, आणि नऊ हे त्यासाठी अगदी योग्य वय आहे. गुणाकार-भागाकार येतो, आणि आईबाबांबरोबर दुकानात जायचा कंटाळाही अजून यायचा असतो. कूपनं मात्र सुरुवातीला कागदावरचीच घ्या. फोनवरच्या कूपनाची वजाबाकी यंत्र परस्पर करून टाकतं आणि मुलाच्या वाट्याला काहीच उरत नाही.

घरातली यादी आधी करा, कूपनांचा कागद नंतर उघडा. हा क्रम मोडू नका. कूपन ही कंपनीची जाहिरात असते. बहुतेक वेळा ते नव्या मालावर नाहीतर महागड्या ब्रँडवर असतं. यादीतल्या वस्तूवर मुलाने कूपन शोधलं, तर वाचलेल्या पैशांतले निम्मे त्याचे, असं ठरवून टाका. ते त्याच दिवशी, नोटा-नाण्यांत, त्याच्या हातावर ठेवा. पावणेदोन डॉलर वाचले तर त्याचे निम्मे किती, हेही त्यालाच काढू द्या. यादीत नसलेल्या वस्तूवर दोन डॉलरचं कूपन असलं तरी ती बचत शून्य धरायची. इथे मी जरा कडक आहे. हा नियम सैल केलात, तर महिन्याभरात मूल "आई, सूट आहे, घेऊया ना" एवढंच शिकेल.

आता एक हिशेब बघा. आकडे समजण्यापुरते आहेत, पण दुकानात असंच चित्र दिसतं. नाश्त्याच्या सीरियलचा १२ औंसाचा डबा ३.९९ डॉलरला आहे, आणि कूपन सांगतं की दोन घेतले तर एक डॉलर सूट. त्याच कंपनीचा १८ औंसाचा मोठा डबा ५.४९ ला आहे. शेजारीच दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडचा १८ औंसाचा डबा ३.२९ ला आहे, त्यावर कूपन नाही. मुलाला कागद-पेन्सिल द्या आणि औंसाचा दर काढायला सांगा. दोन लहान डब्यांचे ७.९८ होतात, एक डॉलर वजा जाता ६.९८, त्याला भागिले २४, म्हणजे सुमारे २९ सेंट. मोठ्या डब्याचा दर साडेतीस सेंट पडतो. म्हणजे कूपनामुळे लहान डबे मोठ्यापेक्षा स्वस्त झाले. इथवर मूल खूश असतं. मग तिसऱ्या डब्याचा दर काढला की येतात जेमतेम सव्वाअठरा सेंट, तेही कूपनाशिवाय. त्यावर तुम्ही काही बोलू नका. तो आकडा त्याला स्वतः बघू दे, आणि चव आवडते म्हणून महागातला डबा घ्यायचा की स्वस्तातला घेऊन पाहायचा, हे ठरवू दे. एखाद्या आठवड्यात त्याने महागातला घेतला तरी चालेल. आपण किती जास्त मोजले हे त्याला माहीत असलं की झालं.

बऱ्याच दुकानांत शेल्फवरच्या चिठ्ठीवर हा दर बारीक अक्षरात छापलेला असतो. अमेरिकेत काही राज्यांत तसा कायदाच आहे. ब्रिटन-ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या दुकानांत तर तो दाखवावाच लागतो, तिथल्या वाचकांनी १०० ग्रॅमच्या दराने हाच खेळ करावा. पण मुलाने आधी स्वतः दर काढावा आणि मग चिठ्ठीशी ताडून पाहावा. चिठ्ठीत कूपन धरलेलं नसतं. शिवाय कधी एका वस्तूचा दर औंसाला असतो, तर शेजारच्या वस्तूचा पौंडाला.

आणि इथे पुण्याच्या आजोबांना कामाला लावा. पौंडात १६ औंस, जुन्या रुपयात १६ आणे, जुन्या शेरात १६ छटाक. आपल्याकडे १९५७ साली दशमान नाणी आली. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजोबांनी लहानपणी आणे मोजलेले असतात, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे अनेकांना आजही तोंडपाठ असतात. चार आणे म्हणजे पाव रुपया, तसे चार औंस म्हणजे पाव पौंड. बारा औंसांचा डबा म्हणजे पाऊण पौंड. व्हिडिओ कॉलवर "कसा आहेस, जेवलास का" एवढं झाल्यावर बोलणं खुंटतं, अशी तक्रार मी दोन्ही बाजूंकडून ऐकते. आजोबांनी पाऊणकी म्हणावी आणि नातवाने त्या आठवड्याच्या जाहिरातीतली २५ टक्के सूट त्यात बसवून दाखवावी. पाव गेला, पाऊण उरला. चाराचे पाऊण तीन, आठाचे सहा, बाराचे नऊ. १२ डॉलरच्या वस्तूचे नऊ द्यायचे, हे मग दशांश चिन्हाला हात न लावता जमतं.

टक्क्यांतले नेहमीचे चकवेही वेळीच दाखवा. एकावर एक मोफत म्हणजे निम्मी किंमत, पण दोन लागणार असतील तरच. दोनावर एक मोफत म्हणजे एक तृतीयांश सूट. आधी २० टक्के आणि वर आणखी १० टक्के मिळून ३० होत नाहीत, २८ होतात. १०० चे ८०, आणि ८० मधून आठ गेले की ७२.

घरी आल्यावर पावती टाकून देऊ नका. ती टेबलावर पसरा आणि मुलाला ओळीन्‌ओळ वाचायला लावा. वस्तूचं नाव, किंमत, आणि खाली कूपनाची वेगळी ओळ, १.०० आणि त्याला जोडून उणे चिन्ह. काही दुकानांत ते चिन्ह आकड्याच्या मागे छापलेलं असतं. ऋण संख्या त्याला शाळेत पुढच्या इयत्तांत भेटतील, पण इथे उणे एक म्हणजे आपल्याकडेच राहिलेला एक डॉलर, हे त्याला आत्ताच कळतं. कराची ओळही बघायला सांगा. न्यू जर्सीत घरी शिजवायच्या बहुतेक खाद्यपदार्थांवर विक्रीकर नाही, साबणावर आहे. कशावर लागला आणि कशावर नाही, ते त्याने शोधावं.

आता पुणे. इथे पाकिटावरची एमआरपी सगळे कर धरून असते. ती कमाल किंमत असल्यामुळे दुकानदार त्याहून कमीत देऊ शकतो, जास्त घेऊ शकत नाही. आता अनेक पाकिटांवर एमआरपीच्या शेजारी ग्रॅमचा दरही छापलेला असतो. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मुलाला तो शोधायला सांगा.

पण खरी मजा मंडईत आहे. एखाद्या सकाळी आजीबरोबर त्याला महात्मा फुले मंडईत पाठवा, पावसाची उघडीप बघून. ही दगडी इमारत १८८६ ची, तेव्हा तिचं नाव रे मार्केट होतं. हातात रोख ३०० रुपये आणि आजीने सांगितलेली यादी द्या. इथेही गाड्यागाड्यावर क्यूआर कोड लागलेत, म्हणून रोखच द्यायचे हे आजीला आधी सांगून ठेवा. भेंडी ८० रुपये किलो असली तर पाव किलोचे किती, पन्नासची नोट दिली तर परत किती यायचे, हे त्याने भाजीवाल्या मावशींसमोर उभं राहून सांगायचं. मेथी जुडीने मिळते, तिथे दर काढायला वजनच नसतं. दोन जुड्या हातात घेऊन भरगच्च कुठली ते बघायचं. घासाघीस मात्र त्याला खेळ म्हणून शिकवू नका. वजन नीट बघायला आणि दोन गाळ्यांवर भाव विचारायला शिकवा, तेवढं पुरे.

एक विनंती तुम्हा आईबाबांना. पुण्यात आल्यावर मुलांसमोर "एवढंच ना, दीड डॉलर तर झाले!" असं म्हणू नका. ज्या गावात आहोत तिथले पैसे तिथल्याच मापाने मोजायचे असतात. आजी त्या रुपयांत महिना बसवते, आणि पुष्कळ घरांत तिची हिशेबाची वही असते. दूध, गॅस, भाजी, औषधं. ती वही नातवाला एखाद्या दुपारी बघू द्या, आजीची हरकत नसेल तर. आणि मंडईतून उरलेले पैसे त्याच्याकडेच राहू द्या. परत निघेपर्यंत ते कशाला वापरायचे, हे त्याला ठरवू द्या.